मिशीवाल्याचा शिकाऊ

९ मार्च

आज घरी आणलं. सर्जनने महिनाभर शक्य तितकं कमी बोला म्हणून बजावलं आहे. ऑपरेशन मानेचं असलं तरी वाट गळ्यातून होती. आत जाताना आवाजाची नस बाजूला सारावी लागली, त्यामुळे सध्या माझा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येतो. न बोलता मी राहणार नाही याची ह्यांना खात्री, म्हणून ही वही आणून दिली. गळ्यात पट्टा आहे, खाली बघता येत नाही, तेव्हा टेबलावर लिहिणं शक्य नाही. फ्रिजवर डब्याला वही टेकवून उभ्याने लिहिते आहे.

तीन मणके पट्टी आणि स्क्रू लावून एकमेकांना जोडलेत. वर्षभर माझा उजवा हात बधिर व्हायचा. हँडब्रेक ओढलाय की नाही हे हाताला कळायचं नाही, डोळ्यांनी बघावं लागायचं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईला हे परवडत नाही. आता हात जागेवर आला आणि मान गेली.

टॅक्सीवाल्याने एकाही स्पीडब्रेकरला गाडी हळू केली नाही. वळताना इंडिकेटर नाही, आरसा स्वतःचा भांग बघायला वळवलेला. मला एक अक्षर बोलता येईना. ह्यांनी दवाखान्यापासून घरापर्यंत माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं होतं. हे चष्म्याच्या दुकानात काम करतात, गिऱ्हाइकाला काड्या बसवताना असंच धरतात. मला रडू आलं. मानेमुळे की टॅक्सीवाल्याला काही सुनावता येत नव्हतं म्हणून, ते नक्की सांगता येणार नाही.

घरी आल्यावर हे फार गप्प होते. दमले असतील.

१३ मार्च

बसता येतं, पण फार वेळ नाही. आडवं होता येतं, पण उशी अशी हवी की मान वरही नको आणि खालीही नको. घरातल्या सगळ्या उशा करून झाल्या. शेवटी टॉवेलची गुंडाळी चालली. खांद्याच्या पाठीमागे कोणीतरी दगड शिवून ठेवलाय असं वाटतं. गरम पाण्याच्या पिशवीने तो मऊ होतो, पिशवी काढली की परत दगड.

हाक मारली तर सगळी वळते, कपाटासारखी. ह्यांनी दुकानातला एक छोटा आरसा आणून गॅसच्या वर चिकटवला, म्हणजे मागून कोण आलं ते दिसेल. चांगली कल्पना आहे. फक्त लावलाय चुकीच्या कोनात. त्यात मला मागून येणारा माणूस दिसत नाही, भिंतीवरचं घड्याळ दिसतं.

२१ मार्च

खालच्या रस्त्यावर समोरच्या बाजूला मिशीवाल्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याचं आणि माझं भांडण नाही. फक्त त्याला शिकवता येत नाही, एवढंच. माझे शिकाऊ सध्या त्याच्याकडे गेलेत, दुसरं करणार काय ते. माझी गाडी आवारात कव्हर घालून उभी आहे. पट्ट्यामुळे मला खिडकीतून ती दिसतही नाही, समोरच्या इमारतीची गच्ची तेवढी दिसते.

दिसत नाही, पण ऐकू येतं. मिशीवाल्याकडे एक नवा शिकाऊ आलाय. रोज संध्याकाळी कोपऱ्यावर त्याची गाडी बंद पडते. क्लच झटक्यात सोडतो. मग सेल्फ मारतो, पुन्हा झटका, पुन्हा बंद. इतक्या वर्षांत असा हात ऐकला नाही. हा माणूस ह्या जन्मात शिकणार नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. घोगऱ्या आवाजात नक्कल करून दाखवली, गाडीची आणि माणसाची. हे हसले नाहीत.

म्हणाले, "मग काय करायला हवं त्याने?"

"क्लच सोडायचा नसतो, वर येऊ द्यायचा असतो. गाडी थरथरायला लागली की पाय तिथेच थांबवायचा. गाडीने हो म्हटलं की मगच पुढे. कोण सांगणार त्याला?"

"हो ना," हे म्हणाले, आणि पुढे कितीतरी वेळ टेबलाखाली ह्यांचा पाय हलत होता.

२२ मार्च

मिशीवाल्याचा शिकाऊ आज एकदाच बंद पडला. योगायोग.

२६ मार्च

ह्यांनी विचारलं की उताराला ब्रेक आधी की क्लच आधी. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? म्हणाले, दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं. चष्म्याच्या दुकानात लोक काय काय विचारतात.

ह्यांना गाडीची आवड नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ह्यांना शिकवायला घेतलं होतं. चौकात गाडी बंद पडली. मी फक्त एवढंच म्हटलं, "जरा मागे बघा, तुमच्यामुळे किती लोक खोळंबलेत ते." ह्यांनी मागे वळून बघितलं, दार उघडलं, खाली उतरले आणि चालत घरी गेले. मी ओरडले वगैरे नव्हते. हे म्हणतात, पुढच्या चौकात ऐकू गेलं. त्यानंतर ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. काही माणसांचा पिंडच नसतो, त्याला इलाज नाही.

३१ मार्च

मिशीवाला भेटायला आला. मोसंबी आणली. सोफ्यावर बसून सारखा मिशी ओढत होता.

"लवकर बऱ्या व्हा, ताई. तुमची पोरं माझ्याकडे आहेत, सांभाळून ठेवलीयेत. तुम्ही उभ्या राहिलात की सगळी परत पाठवतो." मग जरा थांबून म्हणाला, "एक सोडून."

"तो का नाही?"

"तो स्वतःहून आलाय माझ्याकडे. तुमच्याकडे यायला घाबरतो."

म्हणजे एक शिकाऊ पळवला, तेही सांगून. वर मोसंबी. डॉक्टरांची मनाई होती म्हणून वाचला. तो निघाला तेव्हा हे त्याला खालपर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

६ एप्रिल

घरात एक नवीन काळजी. ह्यांची मान.

खुर्चीतून उठायच्या आधी हे उजव्या खांद्यावरून मागे बघतात. मग डाव्या. मग उठतात. बाथरूममधून बाहेर येताना तेच. काल भाजी वाढायच्या आधीसुद्धा बघितलं, मागे तर भिंत होती. शिवाय डावी पोटरी दुखते म्हणून माझं मलम मागून घेतलं. मानेतली नस पायापर्यंत जाते हे आता मला पक्कं माहीत आहे. माझं हातापासून सुरू झालं, ह्यांचं पायापासून.

मी म्हटलं, "अहो, वेळेवर दाखवा. मी वर्षभर अंगावर काढलं, त्याचा हा पट्टा."

"काही नाही गं मला."

"मीही असंच म्हणायचे."

मग हे म्हणाले, बरं, दाखवतो. कोणाला ते सांगितलं नाही.

१९ एप्रिल

पट्टा निघाला. गळा उघडा पडल्यासारखा वाटतो, डोकं आता पडेल की काय असं होतं. सर्जनने फिजिओकडे पाठवलंय. तरुण मुलगी आहे, हसत हसत दुखवते.

तिने मला आरशासमोर बसवलं आणि विचारलं, "तुमचे खांदे कुठे आहेत?"

मी म्हटलं, असतात तिथेच.

"ते कानाजवळ आहेत. खाली सोडा."

सोडले. ती दुसऱ्या पेशंटकडे जाऊन आली तोवर ते परत कानाशी. माझ्या लक्षातही आलं नाही. मान दुखेल या भीतीने खांदे तिला सावरायला वर जातात, मग खांदेच आखडतात, आणि ते आखडले की मान दुखते. असं ती म्हणाली. जन्मभर मी शिकाऊंना हेच सांगत आले, खांदे सोडा, स्टिअरिंग कुठे पळून जात नाही. ऐकत का नाहीत म्हणून वैतागायचे.

व्यायाम सोपे दिसतात. हनुवटी सरळ मागे ओढायची, दुहेरी हनुवटी दिसेपर्यंत. खांदे वर न्यायचे, मागे फिरवायचे, सोडायचे. मान डावीकडे वळवायची, जिथे अडते तिथे थांबायचं, जोर करायचा नाही. माझी डावीकडे लगेचच अडते. मी डाव्या सीटवर बसते. डाव्या खांद्यावरून बघितल्याशिवाय मी आजवर एकाही शिकाऊला वळू दिलेलं नाही. आरशात दिसत नाही असा एक कोपरा असतो आणि सायकलवाला बरोबर तिथेच असतो.

"आणखी वळेल ना?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. हे 'बघू' मला चांगलं माहीत आहे. ज्याला गाडी येणार नाही असं वाटतं त्याच्या आईला मी हेच सांगते.

गाडी शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा हे बरा करतात.

२४ एप्रिल

ह्यांनाही माझ्याबरोबर व्यायामाला बसवलं. दोघं सोफ्यावर, समोर टीव्ही बंद, दोघांना दुहेरी हनुवट्या. ह्यांची मान माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वळते. मग दुखणं कशाचं, तेच कळत नाही.

मी आखडले की हे म्हणतात, "खांदे खाली." चिडचिड होते. खाली केल्यावर बरं वाटतं, त्याची आणखी चिडचिड होते.

मिशीवाल्याचा शिकाऊ आज कोपऱ्यावर न थांबता वळला. दुसरा गिअर मात्र उशिरा टाकतो. जेवताना ह्यांच्या कानावर घातलं. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय झाली आहे, आणि ऐकून घ्यायला हे एकटेच आहेत.

२ मे

फिजिओने खाली बघायची परवानगी दिली, हळूहळू, हनुवटी आत घेऊन. संध्याकाळी खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, एकदा त्या शिकाऊचं तोंड तरी बघू.

मिशीवाल्याची गाडी आली, फुटपाथला नीट लागली. ड्रायव्हरच्या सीटवरचा माणूस उतरायच्या आधी मागे वळून बघत होता. उजवीकडून. मग डावीकडून. मग दार उघडलं. डब्याची पिशवी आधी बाहेर आली. ती पिशवी मीच शिवलेली आहे.

मिशीवाल्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे हसले. मग केस सारखे केले, चेहरा दुकानातून आल्यासारखा केला आणि जिन्याकडे निघाले.

मी खिडकीतून सरकले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हे आत आले, म्हणाले, "आज गर्दी होती फार."

वाईट वाटलं. सरळ लिहिते, फार वाईट वाटलं. घरात शिकवणारी बसलेली, आणि हे समोर जाऊन शिकतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेही मिशीवाल्याकडे, ज्याच्या शिकाऊंची सीट कधी मापात नसते! रागाने मान आखडली, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिले. ह्यांना वाटलं व्यायाम जास्त झाला.

३ मे

रात्रभर विचार करून ठरवलं होतं की सकाळी तोंडावर विचारायचं. सकाळी हे बूट घालताना पुटपुटत होते. "आरसा, इंडिकेटर, खांदा, मग पाय." हे माझे शब्द आहेत. ह्याच क्रमाने. मिशीवाला इंडिकेटर आधी सांगतो.

विचारलं नाही.

जेवताना म्हटलं, "त्या शिकाऊला कोणीतरी सांगायला हवं, सीट पुढे घे म्हणून."

ह्यांचा घास हातातच राहिला. "पाय पोचत नसतील का त्याचे?"

"पोचतात, पण ताणून. म्हणून पोटरी दुखते."

हे माझ्याकडे बघत राहिले. अशा वेळी माणूस मान दुसरीकडे वळवतो. मला ती सोय नाही, मी समोरच बघत राहिले.

"सांगतो," हे म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, सांगेल मिशीवाला."

"सांगू दे," मी म्हटलं. "आणि परीक्षेच्या दिवशी पोटभर खाऊन जाऊ नये म्हणावं."

१७ मे

रोज जेवताना त्या शिकाऊबद्दल बोलतो. पार्किंग झालं, चढ झाला, गाडी मागे घेणं झालं. हे मधूनच विचारतात, "आणि त्याने असं केलं तर?" मी सांगते. आवाज अजून पूर्ण आलेला नाही, त्यामुळे सगळं सावकाश सांगावं लागतं. ह्यांना पटकन कळतं. मला वाटलं नव्हतं.

कशासाठी शिकताय, हे मात्र मी विचारलेलं नाही. मला दवाखान्यातून आणलं त्याच आठवड्यात सुरुवात केली असावी, क्लचच्या आवाजावरून तसं वाटतं.

५ जून

ह्यांची परीक्षा होती. मला माहीत नाही असं धरून चाललंय. नवा शर्ट घातला, थोडंसंच खाल्लं.

संध्याकाळी आले ते सरळ गॅसपाशी गेले आणि चहा टाकला. नापास झालेला माणूस मला पाठीवरूनही कळतो. आरशात फक्त घड्याळ दिसत होतं, तरी कळलं.

मी म्हटलं, "त्या शिकाऊचं काय झालं?"

ह्यांनी साखर घातली, ढवळली. मग म्हणाले, "नापास. चुका काही नव्हत्या. परीक्षक म्हणाले, सारखं मागे बघता. आरसा बघितलात, खांद्यावरून बघितलंत, झालं, आता निघायचं. पण हा पुन्हा बघतो. मागे कोणी खोळंबलं तर नाही ना, हेच बघत राहतो. ते म्हणाले, पुढेही बघायचं असतं."

मी म्हटलं, ही खोड कोणी लावली? मिशीवाल्याने, दुसरं कोण.

हे म्हणाले, "नाही, त्याने नाही." आणि चहा गाळला.

११ जून

सर्जनकडे जाऊन आले. फोटो चांगला आलाय, हाड जुळतंय. हात पूर्ण बरा. मान मात्र आहे एवढीच वळेल, आणखी वळणार नाही. व्यायाम चालू ठेवायचे, म्हणजे आहे ते टिकेल आणि खांदे सैल राहतील.

"शिकवायला कधी लागू?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नवशिक्यांचे झटके तुमच्या मानेला नकोत. हात बसलेला असेल त्याच्या शेजारी बसा हवं तर. पण मागे बघणं तुम्हाला जमणार नाही, हे धरूनच चाला."

हात बसलेला माणूस माझ्याकडे कशाला येईल? आणि जी शिकवणारी मागे बघू शकत नाही, ती डाव्या सीटवर बसून करणार काय? शिकाऊ म्हणेल डावीकडे कोणी नाही, आणि मी मान डोलवायची? शिकाऊच्या शब्दावर मी कधीही गाडी वळू दिलेली नाही. माझ्या शिकाऊंनी आजवर एका सायकलवाल्यालाही धक्का लावलेला नाही, तो याच कारणाने.

परत येताना टॅक्सीवाल्याने स्पीडब्रेकरला गाडी उडवली. ह्यांनी पुन्हा माझं डोकं धरलं. ह्या वेळी ह्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, "अहो, क्लच दाबा की!" टॅक्सीवाल्याने चमकून आरशात बघितलं. 

जिन्यात हे म्हणाले, "ह्याच्यासाठी."

मी म्हटलं, "काय?"

"पहिल्या दिवशी तुला असं आणलं ना. तेव्हाच ठरवलं. तुला कोणीतरी हळू आणायला हवं."

मी जिन्यातच उभी राहिले. मागे वळून ह्यांच्याकडे बघायचं होतं. सगळी वळले, कपाटासारखी, कठड्याला धरून. हे दोन पायऱ्या खाली होते. मी म्हटलं, "मिशीवाल्याची सीट वाईट आहे. उद्या आपली गाडी काढू."

१२ जून

कव्हर काढलं. सीट मी स्वतः मापात लावून दिली.  मी डावीकडे बसले, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवला.

हात बसला आहे ह्यांचा. क्लच अलगद येतो, गाडी हो म्हणेपर्यंत हे थांबतात. मी एरवी इतकं कोणाबद्दल म्हणत नाही.

डावीकडे वळायचं होतं. ह्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, माझ्यापलीकडे वाकून बघितलं. मी सवयीने मान वळवली, ती अडली तिथे अडली. त्या कोपऱ्यात कोणी आहे की नाही, मला दिसेना.

"कोणी नाही," हे म्हणाले.

पाय ब्रेकवर होता. मी म्हटलं, "वळा." वळलो. खरंच कोणी नव्हतं.

मोठ्या चौकात, त्याच चौकात, सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. इतका वेळ छान चाललं होतं, आणि नेमकी तिथे. मागून हॉर्न सुरू झाले. ह्यांनी मागे वळून बघितलं. पुन्हा बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, ह्यांचा हात दाराच्या कडीवर गेला होता.

मला मागे बघता येत नाही. म्हणून मी विचारलं, "किती आहेत?"

"बरेच आहेत गं."

"असू देत," मी म्हटलं. माझा आवाज आता शेजारच्या सीटपर्यंतच जातो. "थांबतील."

हॉर्न वाजत होते. हात कडीवरून निघाला, परत स्टिअरिंगवर आला. ह्यांनी गाडी न्यूट्रलला आणली. माझ्याकडे बघितलं.

"खांदे खाली," हे म्हणाले.

माझे कानाशी होते. मी सोडले, ह्यांनीही सोडले, आणि गाडी सुरू झाली.